चार्जिंग येत नाही

जुन्या गाडीचा मालक ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात येतो तेव्हा त्याची तक्रार बहुतेक वेळा एका वाक्यात मावते: गाडी छान चालते, पण चार्जिंग येत नाही. सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत हे वाक्य मराठीत ऐकू येते, कधी अहिराणी वळणाने. नानपुरा किंवा रांदेरला तेच गुजरातीत. मागची हकीकत मात्र ठरलेली असते. सकाळी सेल्फ जोमाने फिरलेला असतो. दिवसभर गाडी कुरकुर करत नाही. संध्याकाळी रिंगरोडवर कापड मार्केट सुटण्याच्या गर्दीत ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहते, हेडलाइट पिवळे पडत जातात, हॉर्न घोगरा होतो. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली की बॉनेटखालून नुसता 'टक' असा आवाज येतो आणि पुढे काही घडत नाही.

मग दोष बॅटरीवर जातो. नवी बॅटरी आणली जाते. ती कारखान्यातून भरलेली आलेली असते, म्हणून आठवडाभर गाडी झकास चालते आणि रोग सापडला अशी मालकाची खात्री पटते. आठवड्यानंतर तोच 'टक'. घरातला कमावता माणूस घरी बसला की बँकेतली शिल्लक काही दिवस घर चालवते; बॅटरी ही ती शिल्लक आहे, आणि शिल्लक संपली म्हणून बँक बदलून काही होत नाही. कमावणारा आहे डायनॅमो. तो इंजिनच्या पुढच्या बाजूला, फॅन बेल्टवर फिरत असतो, आणि त्याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जाते.

विंटेज गाडी म्हटले की डोळ्यांसमोर संस्थानिकांची रोल्स-रॉइस उभी राहते. वडोदऱ्याला जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर 'ट्वेंटीवन गन सॅल्यूट'चे प्रदर्शन भरले तेव्हा तशा गाड्या रांगेने पाहायला मिळाल्या. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेला 'ऑटो वर्ल्ड' हा संग्रह आहे, त्यात शंभरावर गाड्या आहेत. सुरत अशा संग्रहांसाठी ओळखली जात नाही. इथली जुनी गाडी म्हणजे बहुधा वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली फियाट, अ‍ॅम्बॅसडर, क्वचित एखादी मॉरिस. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली झाकलेली आणि रविवारी डुमसपर्यंत फिरवून आणली जाणारी.

कायद्याच्या नजरेत मात्र हा फरक उरलेला नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी आता 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी १० वर्षे टिकते. रोजच्या कामासाठी किंवा भाड्याने अशी गाडी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटला १९७४ पासून 'पद्मिनी' हे नाव मिळाले. त्या पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली. मध्यमवर्गाची गाडी वारसा ठरली. महिन्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या अशा गाडीत चार्जिंगचे दुखणे जास्त लपते, कारण दोन फेऱ्यांच्या मधे कोणीतरी चार्जर लावून बॅटरी भरून ठेवते आणि डायनॅमो वर्ष-वर्ष काही करत नाही हे कळतच नाही.

डायनॅमो बंद का पडतो हे समजायचे तर तो मुळात सुरू कसा होतो हे पाहावे लागते, आणि ही गोष्ट खरोखर विलक्षण आहे. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले की चुंबकाजवळ तार हलली की तारेत वीज उभी राहते. पण मोठी वीज हवी तर मोठे चुंबक हवे, आणि पोलादाची कायमची चुंबके त्या काळी दुबळी होती. १८६६-६७ च्या सुमारास वर्नर फॉन सीमेन्स, चार्ल्स व्हीटस्टन आणि व्हार्ली यांना वेगवेगळे राहून एकच गोष्ट सुचली: यंत्राने तयार केलेली वीजच त्याच्या स्वतःच्या चुंबकाच्या गुंडाळ्यांत सोडायची. सुरुवातीला वीज कुठून यायची? तर लोखंडात मागच्या वेळचे थोडेसे चुंबकत्व शिल्लक राहिलेले असते, तेवढे पुरते. आर्मेचर, म्हणजे आतला गुंडाळ्यांचा फिरता भाग, फिरले की त्या शिलकीवर अर्धा-एक व्होल्ट उभा राहतो. तो फिल्ड कॉइलमधून, म्हणजे चुंबकाच्या गुंडाळ्यांतून, जातो, चुंबक जरा बळावते, व्होल्टेज वाढते, चुंबक आणखी बळावते. काही क्षणांत यंत्र पूर्ण ताकदीवर येते. मोटारीचा डायनॅमो रोज सकाळी हे सगळे पहिल्यापासून करतो.

म्हणूनच वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत डायनॅमोचे सगळे भाग शाबूत असूनही चार्जिंग येत नाही असे होऊ शकते. लोखंडातली ती शिल्लकच नाहीशी झालेली असते. किंवा कोणीतरी बॅटरी उलटी जोडलेली असते. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या गाड्यांत साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडण्याची पद्धत होती. आजच्या मेकॅनिकचा हात सवयीने ऋण टोक बॉडीला जोडतो. यावरचा उपाय एका तारेचा आहे. ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या डायनॅमोत फिल्डच्या टोकाची वायर काढायची आणि बॅटरीच्या जिवंत टोकाकडून आणलेली तार त्या टोकाला क्षणभर टेकवायची. बारीक ठिणगी उडते आणि लोखंडाला त्याची दिशा परत मिळते. हीच कृती अमेरिकी डेल्को डायनॅमोवर डोळे मिटून करू नये. तिथे फिल्डची जोडणी उलट बाजूने असते आणि तार वेगळ्या जागी टेकवावी लागते. गाडी कोणती आणि डायनॅमो कोणाचा, हे विचारल्याशिवाय जो वायर हातात घेतो त्याच्याकडे गाडी सोडू नये.

सुरुवातीच्या मोटारींत तर या व्होल्टेजला वेसण घालण्याची सोयही जुजबी होती. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ आला, हँडल मारण्याची गरज संपली आणि प्रत्येक गाडीला बॅटरी भरणारे यंत्र लागू लागले. १९२८ ते १९३१ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीत ६ व्होल्टची बॅटरी आणि तिसऱ्या कार्बनचा डायनॅमो होता. नेहमीच्या दोन कार्बनांखेरीज एक तिसरा सरकता कार्बन कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, टेकलेला असे, आणि तो किती सरकवला यावर किती अँपिअर निघणार हे ठरे. बॅटरी भरलेली आहे की रिकामी, हे त्या यंत्राला कळत नसे. त्यामुळे दिवसाच्या लांबच्या प्रवासात बॅटरी उकळू नये म्हणून लोक भर उन्हात हेडलाइट लावून गाडी चालवत, आणि काही मालक ऋतूनुसार कार्बन सरकवून घेत. अशा गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढणे हे मोठे संकट. प्रवाहाला वाट उरत नाही, व्होल्टेज भडकते आणि बल्ब उडतात.

पुढे हे काम ल्युकासच्या एका काळ्या डब्यात गेले. आपल्याकडचे मिस्त्री त्या सगळ्या डब्यालाच 'कटआउट' म्हणतात, पण आत दोन वेगळी यंत्रे शेजारी बसलेली असतात. खरा कटआउट म्हणजे दरवाजा: डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेले की, साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टला, तो मिटतो. खाली आले की उघडतो. हा दरवाजा नसता तर इंजिन बंद होताच बॅटरी उलटी डायनॅमोत वाहिली असती. शेजारी बसलेला रेग्युलेटर फिल्डच्या वाटेत अडथळा घालतो आणि काढतो, तेही इतक्या वेगाने की त्याचा स्पर्श बोटाला गुणगुणल्यासारखा जाणवतो. त्याला दोन धातूंची एक पट्टी जोडलेली असते. गरमीत ती वाकते आणि व्होल्टेज आपोआप थोडे कमी ठेवते. बर्मिंगहॅमच्या थंडीत बसून कोणा इंजिनिअरने केलेली ही तजवीज सुरतेच्या मे महिन्यात फार उपयोगी पडते. ल्युकासच्या पुस्तिकांत उष्ण देशांसाठी बॅटरीच्या आम्लाची घनताही वेगळी दिलेली असे: थंड हवेत पूर्ण भरलेल्या बॅटरीला १.२७० ते १.२९०, आणि ३२ अंशांच्या वरच्या हवेत १.२१० ते १.२३०.

इंग्लंडमधले मोटारवेडे ल्युकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत आले आहेत. त्यात अन्याय आहे. त्या डब्यावर फोडलेली निम्मी खापरे गंजलेल्या अर्थिंगची आणि ढिल्या टर्मिनलांची असतात.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा तर त्याहून जास्त गैरसमजाचा धनी आहे. दिवा विझला म्हणजे चार्जिंग आले, असे सगळे धरून चालतात. डायनॅमोच्या गाडीत त्या दिव्याचे एक टोक बॅटरीकडे आणि दुसरे डायनॅमोकडे असते. दोन्हीकडचे व्होल्टेज सारखे झाले की दिव्यातून वीज वाहायचे कारण उरत नाही आणि तो विझतो. तो फक्त दोन बाजूंची बरोबरी झाली एवढे सांगतो. बॅटरीत किती अँपिअर शिरत आहेत याबद्दल त्याच्याकडे काहीच सांगण्यासारखे नसते. बल्बच उडाला असेल तरी तो विझलेलाच दिसतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, तो लागतो का हे पाहायचे. इंजिनचा वेग वाढवला की तो विझण्याऐवजी मंद लुकलुकत राहिला तर वाटेत कुठेतरी व्होल्टेज सांडत आहे, बहुधा एखाद्या काळ्या पडलेल्या जोडात किंवा कटआउटच्या जळक्या पॉइंटांत. वेगाबरोबर तो जास्त तेजाने पेटू लागला तर डायनॅमो वीज करत आहे, पण दरवाजा मिटत नाही. मिस्त्रीकडे जाण्याआधी मालकाने एवढे नीट पाहून ठेवले तरी निम्मे काम होते.

उरलेल्या निम्म्यासाठी एक साधा मल्टीमीटर आणि घाई न करण्याची तयारी लागते. इंजिन बंद असताना निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते; इंजिनचा वेग वाढवला की तीच टोके साडेतेरा-चौदाच्या पुढे गेली पाहिजेत. नाही गेली तर आधी बेल्ट. अंगठ्याने दाबला तर अर्ध्या इंचाच्या आसपास दबायला हवा. त्याहून ढिला बेल्ट पुलीवर घसरतो आणि पावसाळ्यात चीं चीं करतो. मग अर्थिंग. मीटरची एक सुई बॅटरीच्या बॉडीकडच्या टोकावर, दुसरी डायनॅमोच्या कवचावर, इंजिन चालू आणि दिवे लावलेले: आकडा शून्याच्या अगदी जवळ असला पाहिजे. इथे नव्याने रंगवून घेतलेल्या गाड्या फार फसवतात. प्रदर्शनासाठी ब्रॅकेट, बोल्ट, कवच सगळे चकचकीत रंगवले जाते, आणि ज्या उघड्या लोखंडातून वीज परत जायची ती वाटच रंगाखाली बुजते. गाडी आयुष्यात कधी नव्हती इतकी देखणी दिसते आणि घरी परतताना बंद पडते. ब्रॅकेटखालचा नाणेभर रंग खरवडला की ती बरी होते.

बेल्ट आणि अर्थिंग ठीक असेल तर दोष डायनॅमोत की डब्यात, हे ठरवणारी चाचणी ल्युकासने आपल्या पुस्तिकांत दिलेली आहे, आणि इतकी नेटकी चाचणी मोटारीच्या दुसऱ्या कुठल्या भागाला क्वचितच असेल. डायनॅमोच्या मागची 'डी' आणि 'एफ' ही दोन्ही टोके वायरींपासून सोडवायची, एका उघड्या तारेने एकमेकांना जोडायची, आणि ती तार व बॉडी यांच्यात मीटर लावायचा. आता रेग्युलेटर मधून गेला. डायनॅमो स्वतःच्या भरवशावर आहे. इंजिन सुरू करून वेग हळूहळू मिनिटाला हजार फेऱ्यांपर्यंत न्यायचा. आकडा झपाट्याने, न डळमळता चढला पाहिजे. २० व्होल्टपर्यंत तो जाऊ द्यायचा नाही, आणि आकडा चढत नाही म्हणून इंजिन भरधाव करायचे नाही. काहीच आकडा नाही तर कार्बन अडकलेले किंवा झिजलेले. अर्ध्या-एक व्होल्टवर थांबला तर लोखंडातली शिल्लक तेवढी बोलत आहे आणि फिल्ड कॉइल तिला साथ देत नाही. चार-पाच व्होल्टवर रेंगाळला तर आर्मेचरमध्ये बिघाड. चांगला चढला तर डायनॅमो निर्दोष. मग त्याच दोन वायरींच्या दुसऱ्या टोकाला, डब्यापाशी, तोच आकडा येतो का ते पाहायचे. डायनॅमोपाशी आहे आणि डब्यापाशी नाही, तर वायर तुटलेली. डब्यापाशीही आहे, तर डबा उघडायचा.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते इथे. डब्याचे झाकण उघडले की दोन स्क्रू दिसतात आणि ते फिरवून पाहण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. त्या स्क्रूंना हात लावायचा तो सगळे तपासून झाल्यावर, आणि तोही एका वेळी पाव फेरी. कटआउटच्या पॉइंटांमध्ये कागदाचा कपटा घालून बॅटरी वेगळी करायची आणि मगच रेग्युलेटरचे व्होल्टेज मोजायचे. ते सोळाच्या आसपास दिसते आणि ते बरोबरच असते, कारण त्याच्यावर भार नाही. हे मोजमाप अर्ध्या मिनिटात उरकायचे, नाहीतर आतली कॉइल तापून आकडा खोटा पडतो. कटआउटचे पॉइंट साफ करायचे ते बारीक काचकागदाने. एमरीचे कण मऊ धातूत रुततात. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण या डब्यात आज बिघडवलेली गोष्ट उद्या बाजारातून नवी आणता येईल अशी परिस्थिती राहिलेली नाही. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन उत्तरपाड्याला मे २०१४ मध्ये थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. काळ्या-पिवळ्या टॅक्सींची संख्या होती तोवर त्यांच्या जिवावर सुट्या भागांचा बाजार चालत होता. आता कुर्ल्याच्या भंगारात जे सापडेल ते.

सुरतेची हवा या यंत्राला धार्जिणी नाही. हजिरा-डुमसकडून येणारा खारा दमट वारा पितळी टर्मिनलांवर हिरवी बुरशी चढवतो, अर्थिंगची विणलेली पट्टी आतून खातो. आणि पूर. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला, तळमजल्यावरची वाहने दिवसभराहून जास्त काळ गढूळ पाण्यात उभी राहिली. पुराचे पाणी ओसरते, पण तापीचा गाळ आर्मेचरच्या खाचांत, कार्बनच्या घरात आणि बुशमध्ये बसून राहतो. अशा वेळी आधुनिक गाडीत डायनॅमोच्या जागी असलेला अल्टरनेटर बहुधा पूर्ण बदलला जातो. डायनॅमो मात्र दोन लांब बोल्ट काढले की उघडतो. गाळ धुता येतो, गुंडाळ्या मंद आचेवर सुकवता येतात, वार्निश पुन्हा देता येते, कार्बन नवे घालता येतात. त्याच्या मागच्या टोकाला एक छोटे भोक असते आणि त्यावर इंग्रजीत 'ऑइल' असे कोरलेले असते. इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब अधूनमधून तिथे सोडले तर बुश वर्षानुवर्षे टिकते. ते भोक धुळीने बुजलेले सापडले तर बाकीची देखभाल कशी झाली असेल हे वेगळे विचारावे लागत नाही.

आर्मेचरच जळाले असेल तर काय? बहुतेक शहरांत इथे गोष्ट संपते. सुरतेत संपत नाही, आणि त्याचे कारण मोटारींशी संबंधित नाही. या शहरात पॉवरलूम लाखांच्या घरात आहेत. प्रत्येक लूमला मोटर आहे आणि मोटर जळली की ती नव्याने गुंडाळून देणारे वाइंडर गल्लोगल्ली आहेत. खानदेशातून आलेल्या अनेक कुटुंबांचे पोट या लूमवर आणि त्यांच्या भोवतालच्या कामांवर चालत आले आहे. लूमच्या मोटरीत कम्युटेटर नसतो, त्यामुळे तीन फेजची मोटर गुंडाळणाऱ्या प्रत्येकाला डायनॅमोचे आर्मेचर येते असे नाही. पण तारेचा गेज ओळखणे, खाचेत लेदराइडचा कागद बसवणे, वेढे मोजून ताण सारखा ठेवणे, वार्निश मुरवणे हे हात तयार असतात, आणि त्यांच्यातल्या जुन्या कारागिरांना डीसी मशीनही ठाऊक असते.

असा कारागीर आर्मेचर हातात घेतो तेव्हा मीटरच्या आधी डोळे काम करतात. कम्युटेटर चॉकलेटी रंगाचा आणि गुळगुळीत असेल तर तो समाधानाने बाजूला ठेवतो. एखादीच पट्टी काळी जळलेली असेल तर तिला जोडलेली गुंडाळी तुटली आहे. कवचाच्या आतल्या बाजूला कथलाचे बारीक चकाकते शिंतोडे दिसले तर आर्मेचर इतके तापले होते की पट्ट्यांचा डाग वितळून बाहेर फेकला गेला. म्हणजे दोष भाराचा किंवा बिघडलेल्या रेग्युलेटरचा, आणि तो शोधल्याशिवाय नवी गुंडाळी घालण्यात अर्थ नाही. मग आर्मेचर ग्राऊलरवर चढते. हे एक विजेवर चालणारे, इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेचे चुंबक. त्यात आर्मेचर ठेवून प्रत्येक खाचेवर हॅक्सॉचे पाते धरत जायचे. जिथे गुंडाळी आतल्या आत शॉर्ट झाली आहे तिथे पाते थरथरते आणि घूं असा आवाज काढते. नवी गुंडाळी झाल्यावर कम्युटेटर लेथवर धरून एक हलका हात मारायचा आणि पट्ट्यांमधला मायका करवतीच्या पात्याने सुमारे पाऊण मिलिमीटर खाली कोरायचा, नाहीतर तांबे झिजते, मायका वर राहतो आणि कार्बन उड्या मारतो. या कामाला दिवस लागतो. त्याची मजुरी अनेक मालकांना जास्त वाटते, आणि तेच मालक रंगावर त्याच्या कितीतरी पट खर्च आनंदाने करतात. हा हिशोब चुकीचा आहे.

अल्टरनेटर बसवावा का, हा प्रश्न यानंतर येतोच. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटवर तो दिला आणि पुढच्या काही वर्षांत डायनॅमोचा काळ संपला. कारण सरळ होते: इंजिन निवांत फिरत असतानाही अल्टरनेटर वीज देतो, डायनॅमो देत नाही. सिग्नलला उभ्या राहिलेल्या गाडीचे दिवे डायनॅमोच्या जमान्यात बॅटरीवरच जळत. ल्युकासचा सी-४० हा डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, म्हणजे सुमारे ३०० वॅट. त्यात इग्निशन, साधे हेडलाइट, मागचे दिवे, वायपर आणि हॉर्न यांचा खर्च भागतो. त्यावर मोठे हॅलोजन, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टिम, मोबाइलचा चार्जर आणि डॅशबोर्डवरचा पंखा चढवला की डायनॅमोला आजारी ठरवण्यात अर्थ राहत नाही. त्याच्या शक्तीपलीकडचे मागितले गेले. रोज गर्दीत आणि रात्री चालणाऱ्या गाडीला अल्टरनेटर बसवणे समजण्यासारखे आहे, आणि नियमांतही त्याला बंदी दिसत नाही. धन अर्थिंगची गाडी असेल तर मात्र आधी जोडणी उलटवावी लागते, नाहीतर डायोड पहिल्याच क्षणी जातात. पण जी गाडी नियमानेच फक्त रॅली, प्रदर्शन आणि देखभालीपुरती रस्त्यावर येणार आहे, तिला सिग्नलवर जळणाऱ्या दिव्यांची चिंता किती? अशा गाडीत डायनॅमोच असावा. बॉनेट उघडून दाखवताना वीज कशी घडते हे ज्या यंत्रात डोळ्यांनी दिसते, तेच काढून टाकायचे तर मागे जपण्यासारखे काय राहते?

एलईडी दिव्यांनी हा वाद बराच सोपा करून टाकला आहे. मागचे आणि बाजूचे दिवे एलईडीचे केले तर बाहेरून रूप बदलत नाही आणि डायनॅमोवरचा बोजा कितीतरी उतरतो. इंडिकेटरचा जुना फ्लॅशर मात्र त्यांच्यावर नीट चालत नाही, तो बदलावा लागतो. बॅटरी मोकळ्या जागी ठेवावी, टर्मिनलांवर पेट्रोलियम जेली लावावी, गाडी महिन्यातून एकदा तरी अर्धा तास बऱ्या वेगात चालवावी. नुसते जागेवर इंजिन चालू ठेवून बॅटरी भरत नाही, उलट सेल्फने खर्च केलेलेही भरून निघत नाही.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना एवढेच सांगायचे आहे. गाडीतून काढलेला डायनॅमो आणि त्याचा काळा डबा भंगारात देऊ नका, तेल लावून, गुंडाळून, गाडीच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवा. जे रॅली भरवतात त्यांनी रंगाला आणि क्रोमला बक्षिसे देताना उधन्यातल्या किंवा आपल्या गावातल्या एखाद्या आर्मेचर वाइंडरला मैदानावर टेबल द्यावे, ग्राऊलर आणि मीटर ठेवायला जागा द्यावी, आणि त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांचे वर्षभराचे विद्यावेतन क्लबने भरावे. हे काम जाणणारे बहुतेक हात आता साठीच्या पुढचे आहेत.